शेवटच्या गाडीतून : चिखलवाटांच्या मोहिमा आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पावसाळी ऑफ-रोड मोहिमांचे सर्व आयोजक, लीड चालक आणि मार्शल यांस,

विषय : नुकत्याच उखडलेल्या वाटेवर पुन्हा, दुप्पट गाड्या घेऊन जाण्याचा निर्णय.

स. न. वि. वि.

पुढच्या मोहिमेची तारीख तुम्ही जाहीर केलीत. वाट तीच, जिच्यावरून आपण परवा-परवा बाहेर पडलो. गाड्या मात्र दुप्पट. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘या वेळी चिखल आणखी खोल!’ तो आणखी खोल कुणी केला, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मोहिमेनंतरच्या बैठकीत वाटेच्या अवस्थेबद्दल बोलायला मी उभा राहिलो, तर ‘ते नंतर बघू, आधी फोटो होऊन जाऊ देत’ म्हणून मला बसवलं गेलं. फोटो झाले, पांगापांग झाली, ते ‘नंतर’ काही आलं नाही. तेव्हा आता जे बोलायचं ते लिहून, आणि चारचौघांत.

मी ताफ्यातली शेवटची गाडी चालवतो. आपल्यात तिला स्वीप म्हणतात. कुणी मागे राहिलं नाही ना, कुणाचं काही पडलं नाही ना, फाटकं लावली गेली ना, एवढं बघत यायचं. या कामाला मान फारसा नाही. लीड चालकाला वाट शोधल्याचं श्रेय मिळतं, मधल्यांना फोटो मिळतात. पण लीड चालकाला जी वाट दिसते ती ताफा जाण्याआधीची. ताफा गेल्यानंतरची वाट फक्त शेवटच्या गाडीला दिसते. हे पत्र त्या दृश्याबद्दल आहे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. मी या छंदाला विटलेला माणूस नाही. लो रेंजचा, म्हणजे संथ पण ताकदीच्या गिअरसंचातला, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला पाय, आणि चाकाखालची जमीन कुठे घट्ट आहे, कुठे भुसभुशीत, हे स्टिअरिंगमधून हाताला कळत असताना हळूहळू पुढे सरकणारी गाडी: यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. नवख्यांना ते शिकवायलाही आवडतं. म्हणूनच हे सुख आपण ज्या रीतीने ओरबाडतो आहोत त्यावर गप्प बसणं जमत नाही.

आता तक्रारी. पहिली सर्वांत मोठी आहे, म्हणून तिला जागाही जास्त देतो.

ओल्या जमिनीवर ताफा घालणं बंद करा. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांतून हवा खेळते, पाणी मुरतं. कोरडी माती बऱ्यापैकी वजन पेलते. ओल्या मातीचे कण वजनाखाली एकमेकांवरून घसरतात आणि त्या पोकळ्या बुजतात. हा दाब सगळ्यात जास्त बसतो तो पहिल्या काही चाकांखाली. पुढच्या गाड्या त्याच चाकोरीतून गेल्या तर नुकसानीत तुलनेने थोडीच भर पडते. म्हणजे एकाच चाकोरीत राहणं हा जमिनीवरचा सगळ्यात मोठा उपकार. आपण नेमकं उलट करतो. चाकोरी खोल झाली, डिफरन्शिअल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा, गाडीखालचा गिअरचा गोळा) मधल्या उंचवट्याला घासायला लागला, की पुढचा चालक कडेने गाडी काढतो. ती कड फुटली की त्याच्या मागचा आणखी कडेने. मागच्या मोहिमेत त्या मोठ्या वळणावर मी पोचलो तेव्हा एका वाटेच्या पाच वाटा झाल्या होत्या. सगळ्यात बाहेरची चाकोरी तर आडव्या झालेल्या कोवळ्या झुडपांवरून गेली होती. मूळ वाट जेमतेम एका गाडीपुरती. आता तिथे चार गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील.

खरा घोळ उताराला झाला. जुन्या गाडीवाटा ज्यांनी काढल्या ती माणसं पाण्याला ओळखणारी होती. उतारावर ठरावीक अंतराने त्यांनी तिरपे चर घेतले होते, वाटेवर आलेलं पाणी बाजूच्या गवतात सोडायला. त्या चरांचे काठ आपल्या चाकांनी फोडले. मी वर थांबून बघत होतो. पावसाची सर आली, आणि जे पाणी तीन-चार ठिकाणी बाजूला जायला हवं होतं ते सगळं आपल्या दोन चाकोऱ्यांत शिरलं आणि सरळ खाली धावत सुटलं. लाल, दाट, बारीक खडे घोळवत. खाली पोचल्यावर मी एका चाकोरीत फावड्याचा दांडा उभा धरला. सकाळी लीड गाडी गेली तेव्हा तिथे टायरची नुसती नक्षी उमटली असेल. आता दांडा निम्म्याहून जास्त आत गेला. दोन पावसाळे असंच चाललं तर तिथे वाट राहणार नाही, ओहोळ होईल.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: ‘अहो, ट्रॅक्टरही जातोच की तिथून.’ जातो. पण शेत चिखलाने भरलेलं असताना कुठला जाणता शेतकरी ट्रॅक्टर आत घालतो? तो वाफसा येईपर्यंत थांबतो. मशागतीचे दिवस हातचे जात असतानाही थांबतो, कारण ओल्या जमिनीत यंत्र घातलं की ती दगडासारखी घट्ट होते आणि पुढचा सगळा हंगाम त्रास देते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याचं पोट त्या जमिनीवर आहे तो थांबू शकतो, आणि हौसेला आलेले आपण थांबू शकत नाही?

जाता जाता टायरच्या हवेचं. रस्त्यावरची ३०-३५ पीएसआय हवा १८-२० पर्यंत उतरवली की टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांबट होतो, वजन विभागलं जातं. गाडी रुतते कमी, चाक जागच्या जागी फिरतं कमी, चाकोरी पडते उथळ. हवा उतरवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, परत भरायला थोडी जास्त. तुमच्या वेळापत्रकात तेवढीही सवड नसते, म्हणून निम्मा ताफा डांबरी रस्त्याच्या हवेवरच चिखलात शिरतो. मग रुतलेल्या चालकाला सगळे ओरडून सांगतात, ‘दे, दे, अजून दे!’ साध्या डिफरन्शिअलमध्ये ताकद धावते ती ज्या चाकाला अडथळा कमी त्याच्याकडे, म्हणजे आधीच गरगरणाऱ्या चाकाकडे. जितकं द्याल तितकं ते चाक खड्डा खणत जाणार. कॅमेऱ्यात मात्र चिखलाचं कारंजं झकास दिसतं, हे मान्य.

दुसरी तक्रार : वाट ओसाड आहे, म्हणून ती कुणाचीच नाही, असं तुम्ही धरून चालता. वाटा ओसाड पडतात त्याची कारणं साधी असतात. पलीकडून नवा रस्ता होतो, एखादी मोरी खचते आणि कुणी बांधत नाही, वस्ती उठून दुसरीकडे जाते. मोटारी बंद होतात, पण माणसांचे पाय बंद होत नाहीत. गुरं जातात, सरपणाला माणसं जातात, शाळेची मुलं आडवाटेने निघतात. ताफा पुढे गेल्यावर मी एकटाच उरलो होतो, तेव्हा समोरून एक वयस्क गृहस्थ आले. सायकल खांद्यावर. रोज ते ती ढकलत नेत असणार, कारण ढकलायची म्हणून हॅण्डलला चिंधी बांधली होती. चिखल पोटरीपर्यंत. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, ‘परत याच वाटेने येणार का सगळे?’ मी ‘नाही’ म्हणालो. माझ्या त्या उत्तराचं तुमच्या जाहिरातीने काय केलं, ते तुम्हीच बघा.

त्यांच्यापैकी कुणाला आपण आधी विचारलं होतं? जमीन कुणाची, वाट सरकारी दप्तरात काय म्हणून नोंदलेली आहे, वनखात्याची हद्द कुठून लागते, यांतलं काय तुम्ही तपासलं? मी बैठकीत विचारलं तेव्हा ‘नकाशात दिसते ना वाट’ असं सांगण्यात आलं. उपग्रहाच्या चित्रात वाट दिसणं आणि त्या वाटेवरून गाड्या नेण्याचा हक्क असणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि त्या जुन्या मोऱ्या! ज्यांची वर्षानुवर्षं कुणी पाहणी केली नाही अशा दगडी कमानींवरून आपण सामानसुमानासह दोन-दोन, अडीच-अडीच टनांच्या गाड्या एकामागून एक काढल्या. खाली उतरून कमान बघितली का कुणी?

तिसरी तक्रार जिवाशी संबंधित आहे. इथे मात्र माझा आवाज चढला तर तो चढू द्या.

ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे जो लोखंडी गोळा बसवतात, तो टो बॉल, त्याला रिकव्हरीचा, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचा, दोर अडकवायचा नसतो. कधीच नाही. तो गोळा ट्रेलरच्या संथ ओढीसाठी घडवलेला असतो. आपले कायनेटिक दोर नायलॉनचे. हिसका बसला की ते आपल्या लांबीच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणतात आणि तेवढी ऊर्जा साठवून ठेवतात. रुतलेली गाडी निघते ती त्याच ऊर्जेने. पण गाडी निघायच्या आधी गोळ्याची मान तुटली, तर तीच ऊर्जा तो लोखंडी गोळा घेऊन सुटते आणि काचेतून आरपार जाते. ऑस्ट्रेलियात माणसं अशीच मेली आहेत. यात दंतकथा काही नाही. जिथे जिथे रिकव्हरी नीट शिकवली जाते तिथे पहिल्याच धड्यात हे सांगतात.

गेल्या मोहिमेत मधली एक गाडी रुतली तेव्हा दोराचा फासा टो बॉलवर टाकलेला मी धावत जाऊन काढला. त्या क्षणी तिथे काय होतं ते सांगतो. दोराच्या दोन्ही अंगांना माणसं मोबाइल उंच धरून उभी. एका तरुणाचा एक पाय दोराच्या अलीकडे, एक पलीकडे. ओढणारा चालक आरशात बघत गिअर टाकून तयार. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर सगळ्यांनी थांबावं हा किमान नियम आहे, आणि तो सांगायला नेमलेला मार्शल स्वतःच चित्रण करत होता. मी ओरडलो तर तो म्हणाला, ‘काका, टेन्शन घेऊ नका, काही होत नाही.’ काही होत नाही, हे बहुतेक वेळा खरंच असतं. म्हणूनच तर सवय लागते.

त्या गाडीला हिसक्याची गरजच नव्हती. अमेरिकी लष्कराचे रिकव्हरीवाले एक ढोबळ हिशेब शिकवतात : गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर ती काढायला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, त्याहून वर असेल तर तिप्पट. म्हणजे दोन टनांची गाडी मडगार्डपर्यंत गेली की चार टन. आपल्यातल्या पुष्कळांच्या विंचवर (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रावर) साडेनऊ हजार पौंड, म्हणजे सुमारे ४,३०० किलोचा आकडा छापलेला असतो. पण तो आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा. ड्रमवर दोर जितका जास्त गुंडाळलेला, तितकी खरी ओढ कमी. मग विंच धुमसते, कुणीतरी दुसऱ्या गाडीचा हिसका मारू या म्हणतं, आणि आपण पुन्हा टो बॉलपाशी येतो. याला स्वस्तातले दोन उपाय आहेत. एक, स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी, लावून दोर दुहेरी करा : वेग निम्मा होतो, ओढ जवळपास दुप्पट. दुसरा त्याहून स्वस्त : आधी चाकांपुढचा चिखल उपसा. मडगार्डची गाडी चाकांपर्यंत आली की लागणारी ओढ निम्मी. सबंध ताफ्यात फावडं एकाच गाडीत होतं. कुणाच्या, ते सांगत नाही.

आणि त्या झाडाचं काय केलंत तेही नोंदवून ठेवतो. विंचचा दोर बांधायला रुंद पट्टा पिशवीत होता, तो काढायचा कंटाळा केला. सिंथेटिक दोर तसाच बुंध्याला वेढून हुक मारला. सालीच्या लगेच आत झाडाचं अन्न मुळांकडे नेणारा थर असतो. तो सभोवार कापला गेला की झाड वरून हिरवं दिसत राहतं आणि हळूहळू मरतं. मी पट्टा लावायला गेलो तेव्हा दोराने बोटभर खोल खाच पाडली होती. निम्म्या बुंध्याला तरी नक्कीच.

ओढ्यांबद्दल थोडक्यात. चालत पार करता येत नाही त्या पाण्यात गाडी घालायची नाही. हा नियम छापील सूचनांत पहिल्या पानावर आहे, पण त्या दिवशी चालून बघायला पाण्यात कोणी उतरलं नाही. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो मालकाचा प्रश्न, तो खर्च करेल. पण तापलेला डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं, ऑइल दुधाळ होतं. सील आधीच गळका असेल तर ते ऑइल ओढ्यात जातं. खाली कुणी ते पाणी भरत असेल, तर तो त्यांचा प्रश्न कसा?

आणखी एक गोष्ट, जी आपल्यात कुणी बोलतच नाही. चाकांना, मडगार्डच्या आत, चॅसिसच्या खोबणीत जो चिखल अडकतो तो आपण पुढच्या वाटेवर घेऊन जातो. त्यात तणाचं बी असतं, रोगजंतूही असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात फायटोप्थोरा सिनामोमी नावाचा मुळं कुजवणारा जीव आहे. तिथे त्याला डायबॅक म्हणतात. तो गाड्यांच्या चाकांना आणि बुटांना लागलेल्या मातीबरोबर पसरतो आणि त्याने तिथल्या रानांचे मोठाले पट्टे मारले. म्हणून तिथे काही भागांत गाडी धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत. आपण मात्र चिखलाने माखलेली गाडी चार दिवस तशीच मिरवतो, कारण ती शोभते.

हे सगळं होतं कशामुळे? तुम्ही वाईट माणसं आहात म्हणून मुळीच नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला रात्री-अपरात्री मदत केली आहे. दोष तुमच्या नियमावलीतल्या एका ओळीत आहे : ‘मोहीम रद्द होणार नाही, शुल्क परत मिळणार नाही.’ ही ओळ आली की लीड चालकाचे हात बांधले गेले. आदल्या रात्री धो-धो पाऊस झाला तरी तो ‘आज नको’ म्हणू शकत नाही. लोक सुट्ट्या टाकून आलेले, छायाचित्रकार ठरलेला, टायरवाल्याचे फलक गाड्यांवर लागलेले. तारीख ठरते कॅलेंडरवर आणि किंमत मोजते जमीन.

‘आपण नाही गेलो तर दुसरे जातील’, हेही तुम्ही म्हणाल. जातील. पण दुसऱ्यांना ती वाट कळली कशी? तुमच्या मोहिमेचा जीपीएस माग तुम्ही सगळ्यांसाठी खुला ठेवलात त्यामुळे.

याचा शेवट काय होतो ते इतरांनी बघितलं आहे. इंग्लंडमधल्या जुन्या गाडीवाटांना तिकडे ग्रीन लेन म्हणतात. २००६ साली नॅचरल एन्व्हायर्नमेंट अँड रूरल कम्युनिटीज ॲक्ट आला, आणि ज्या वाटांवर मोटारी नेण्याचा हक्क दप्तरी नोंदलेला नव्हता त्यांतल्या बहुतेकांवरचा तो हक्क काही अपवाद सोडता कायमचा संपला. अमेरिकेत १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने सरकारी जमिनींवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही, हे ठरवून देणं बंधनकारक झालं. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली, की माती, झाडझाडोरा, वन्यजीव यांचं मोठं नुकसान होताना दिसलं तर वाट ताबडतोब बंद करावी. कॅलिफोर्नियातली रूबिकॉन ट्रेल म्हणजे जीपवाल्यांची पंढरी. तिच्यावरही २००९ मध्ये तिथल्या जलनियामक मंडळाने साफसफाईचा आदेश काढला : वाहून जाणारी माती, सांडलेलं ऑइल आणि माणसांची घाण, ही त्याची कारणं. ती वाट आजही चालू आहे. यात गाडीवाल्यांचा वाटा मोठा : त्यांच्यातले स्वयंसेवक निचऱ्याची कामं करायला गेले, ऑइल टिपायचं सामान गाड्यांत ठेवायला लागले, विष्ठा परत नेण्याच्या पिशव्या वाटायला लागले. आपल्या गटांत असं काम करणारे किती निघतील, असं मी स्वतःला विचारतो तेव्हा निदान दहा-बारा चेहरे डोळ्यांपुढे येतात. त्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

तुमच्यातले जुने लोक कॅमल ट्रॉफीचे फोटो अजून दाखवतात. १९८० ते २००० पर्यंत चाललेली ती स्पर्धा, छातीइतक्या चिखलातून निघणाऱ्या त्या पिवळ्या लँड रोव्हर. मलाही ते फोटो आवडतात, खोटं कशाला बोलू. पण त्या स्पर्धेत टीम स्पिरिटचं एक वेगळं बक्षीस असायचं आणि ते सहभागी संघ एकमेकांना मतं देऊन ठरवायचे. त्याची किंमत विजेतेपदाहून कमी नव्हती, असं तिथे गेलेले सांगतात. आपण त्यातला चिखल तेवढा उचलला.

आता मागण्या.

१. या वाटेवरची जाहीर केलेली मोहीम रद्द करा. पुढे ढकलू नका, रद्द करा, आणि शुल्क परत द्या. नियमावलीतली ती ओळ काढून टाका.

२. यापुढे जायचं की नाही हे जमीन बघून ठरवा. आदल्या दिवशी दोघांनी वाट पायी बघावी. वीतभर खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबावी, गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. फुटला तर जाता येईल. चिकटून राहिला किंवा दाबताना बोटांतून पाणी आलं तर नाही. यावर मतदान नको, लीड चालकाची मर्जी नको.

३. मोहीम चालू असताना चाकोरी चार बोटांपेक्षा खोल जायला लागली तर मागे फिरायचं. हा निर्णय घ्यायचा अधिकार शेवटच्या गाडीला द्या, कारण ते तिलाच दिसतं. रेडिओवर ‘थांबा’ आलं की थांबायचं. वाद संध्याकाळी घालू.

४. एका गटात सहा ते आठच गाड्या. जास्त नावं आली तर दुसरी वाट, दुसरा दिवस. कडेने गाडी काढणाऱ्याला पुढच्या मोहिमेत जागा नाही, मग तो कितीही जुना असो.

५. जमीनमालक, ग्रामपंचायत, वनखातं, ज्याची ज्याची परवानगी लागते ती लेखी, आणि जाहिरात करण्याच्या आधी. वाट रोज वापरणाऱ्यांनाही जाऊन भेटायचं. ‘नको’ म्हणाले तर नको.

६. सुटण्याआधी प्रत्येक गाडीचे पुढचे-मागचे रिकव्हरी पॉइंट (दोर अडकवायच्या मजबूत जागा) तपासायचे. नसतील तर ती गाडी त्या दिवशी रस्त्यावरच. रिकव्हरी चालू असताना मार्शलच्या हातात मोबाइल दिसता कामा नये. प्रत्येक गाडीत फावडं, झाडाचा पट्टा. टायरची हवा उतरवल्याशिवाय कच्च्यावर पाऊल नाही. बाहेर पडल्यावर चिखल तिथेच खरवडायचा आणि पहिल्या धुण्याच्या जागी गाडी खालून धुवायची.

७. मागच्या वाटेची दुरुस्ती. जमीन सुकली की एक दिवस, फावडी-घमेली घेऊन : चाकोऱ्या भरायच्या, तिरपे चर पुन्हा काढायचे, त्या पाच वाटांपैकी चार फांद्या टाकून बंद करायच्या. खर्च मागच्या मोहिमेच्या शिलकीतून. जीपीएस माग आजच्या आज काढून टाका, तो उद्यावर नेण्याचं काही कारण नाही.

यांतली एकही मागणी अशी नाही जिच्यामुळे गाडी चालवण्यातली गंमत कमी होईल. फार तर दोन पावसाळी फोटो कमी निघतील.

उत्तर नोंदणी सुरू होण्याआधी हवं आणि मला एकट्याला बाजूला घेऊन नको, सगळ्यांसमोर हवं. मान्य असेल तर दुरुस्तीच्या दिवसासाठी माझी गाडी, मी आणि माझे दोन मित्र धरून चाला. मान्य नसेल तर स्वीपसाठी दुसरा माणूस बघा. गटाचा रेडिओ आणि लांब कायनेटिक दोर माझ्याकडे आहेत, निरोप आला की पोचते करतो. मात्र दोराच्या एका फाशाजवळ धागे तुटलेले आहेत. तिथे मी लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. तो दोर पुन्हा कुणालाही वापरायला देऊ नका, नवा घ्या.

आपला,
ताफ्यातल्या शेवटच्या गाडीचा चालक